कातड्यातला चेहरा



आपल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाटक, कादंबरी, बोली असे विषय नेहमी येतात. कातड्याचा विषय त्यांत थोडा वेगळा वाटेल. कमावलेल्या कातड्यावर माणसाचा हुबेहूब चेहरा कसा उठवतात आणि ते शिकायचे असेल तर कोणत्या क्रमाने शिकावे, हे मला येथे सांगायचे आहे. लिहिणारा होमिओपॅथीचा डॉक्टर आहे आणि जन्माने जैन आहे. जैन माणसाने कातड्याला हात का लावावा, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर मी टाळणार नाही. मात्र ही कला कशी चालते ते आधी समजून घेतले, तर त्या उत्तराला काही अर्थ येईल.

कोरीवकाम म्हणजे काय

या कलेला सरसकट कोरीवकाम म्हणतात, पण हा शब्द जरा फसवा आहे. लाकूड कोरताना ढलपे निघतात, दगड घडवताना कपच्या उडतात. कातड्यावर चेहरा उठवताना जवळजवळ काहीच निघत नाही. ओलसर कातड्यावर सुरीने रेघ कापायची आणि त्या रेघेची एक बाजू दाबून खाली बसवायची, एवढीच मूळ क्रिया आहे. एक बाजू खाली गेली की दुसरी आपोआप वर आल्यासारखी दिसते. चित्रातले नाक उंच दिसते, पण ते कोणी उचललेले नसते. त्याच्या शेजारचा गाल खाली बसवलेला असतो.

कातडे सुरीने कापून चित्र उठवण्याची रीत जुनी आहे. पंधराव्या शतकात जर्मन भाषिक प्रदेशात ग्रंथांच्या बांधणीवर असे काम होत असे. स्पेनमधल्या खोगीर करणाऱ्यांची कारागिरी मेक्सिकोत गेली आणि तेथून अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराख्यांच्या खोगिरांवर पानाफुलांच्या वेलींच्या रूपाने पसरली. वायोमिंग राज्यातल्या शेरिडन गावाचे डॉन किंग यांनी बारीक फुलांच्या दाट वेलीची जी शैली रूढ केली, ती आज त्या गावाच्याच नावाने ओळखली जाते.

वेलबुट्टीपासून माणसाच्या आणि जनावराच्या आकृतीपर्यंतचा रस्ता सामान्य शिकाऊ माणसासाठी मोकळा करण्याचे मोठे श्रेय अल स्टोलमन (१९१९–१९८६) यांना जाते. त्यांचे कातडे कोरण्यावरचे पुस्तक १९५२ साली निघाले आणि त्यानंतर आकृती, रंग, शिलाई, खोगीर अशा विषयांवर त्यांनी एकामागून एक पुस्तके लिहिली. पुढच्या पुस्तकांत त्यांची पत्नी अ‍ॅन यांचाही वाटा होता. कोणते हत्यार कोठे टेकवायचे, किती कलते धरायचे, ठोका किती जड मारायचा, हे सारे त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांसह लिहून ठेवले. त्यामुळे ज्याने कधी खोगीर पाहिलेले नाही, असा माणूसही पुस्तक समोर उघडून हे काम शिकू शकला. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. शेवटी मला त्याच्याकडे यायचे आहे.

आपल्या शेजारची एक कला याच्या नेमकी उलट आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत कातड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. त्या बाहुल्यांचे कातडे पातळ असते आणि उजेड त्याच्या आरपार जाऊन पडद्यावर चित्र उमटते. येथे सांगतो आहे त्या कलेत उजेड कातड्यावर पडतो आणि चढउतारांच्या सावल्यांतून चेहरा दिसतो. बाहुलीला बाह्यरेषा पुरते. येथे बाह्यरेषेने फार थोडे साधते.

कोणते कातडे

बाजारात मिळणारे बहुतेक कातडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तिने काम लवकर होते, कातडे मऊ राहते आणि पाण्याला दाद देत नाही. पण त्याच्यावर ठसा टिकत नाही. दाबले तर स्पंजसारखे पुन्हा वर येते. चेहऱ्याच्या कामाला वनस्पतींच्या सालीने आणि फळांनी कमावलेलेच कातडे लागते.

कारण सोपे आहे. कातडे म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची दाट विणलेली गादी. झाडाच्या सालीतले टॅनिन या तंतूंना चिकटते आणि त्यांच्यामधल्या जागा भरते. असे कातडे ओले केले की तंतू एकमेकांवरून सरकू शकतात, दाबले की जागा बदलतात आणि वाळले की नव्या जागी घट्ट बसतात. रेक्झिनमध्ये अशी तंतूंची वीण नसते, म्हणून त्यावर हे काम होत नाही. कृत्रिम पर्याय शोधणाऱ्या माझ्यासारख्याला हे आधीच कळलेले बरे.

आता आपल्या भागाकडे पाहा. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात साल-हिरड्याचे पाणी भरून टांगून ठेवण्याची रीत येथलीच. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. म्हणजे अमेरिकेतल्या पुस्तकात जे कातडे हवे म्हणून सांगितले आहे, त्याच जातीचे कातडे कमावण्याची विद्या अथणी-निपाणीच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

हिरडा म्हटले की वैद्यकातल्या माणसाला त्रिफळा आठवतो. साहित्यातल्या माणसाला शाई आठवावी. हिरडा आणि हिराकस एकत्र आणून काळी शाई आणि काळा रंग करण्याची रीत जुनी आहे. हिरड्यातले टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग होतो. म्हणूनच या कामात एक सावधगिरी लागते. ओल्या कातड्यावर उघड्या लोखंडाचा तुकडा किंवा लोखंडाचा कीस राहिला, तर तेथे निळसर काळा डाग पडतो आणि तो सहज जात नाही. नेमका गालावर पडला तर चेहऱ्याला नवा तीळ येतो.

चेहऱ्यासाठी सुमारे ३.२ ते ३.६ मिलिमीटर जाडीचे कातडे घ्यावे. पाठीकडचा भाग निवडावा, पोटाकडचा नको. पोटाचे कातडे सैल आणि ताणणारे असते, पाठीचे घट्ट असते. जिवंत त्वचेतही तंतूंचा कल जागोजागी वेगळा असतो. व्हिएन्नाच्या लँगर यांनी १८६१ साली माणसाच्या त्वचेवर या ताणाच्या रेषा दाखवून दिल्या आणि आजही शल्यचिकित्सक चीर देताना त्यांचा विचार करतात. फरक एवढाच की जिवंत त्वचेवरची चीर भरून येते. कमावलेल्या कातड्यावरची कधीच भरत नाही.

पाणी, सुरी, ठोका

पहिली पायरी पाण्याची. स्पंजने कातडे सारखे भिजवावे. ते गडद दिसू लागते. मग थांबावे. मूळ रंग परत येऊ लागला, पण गालाला लावून पाहिल्यावर गार लागते, ती कामाची वेळ. त्याआधी ठोका मारला तर पाणी वर येते आणि ठसा फुगीर, धूसर होतो. उशीर झाला तर ठसा उथळ आणि फिका पडतो. ओल बरोबर असेल तर दाबलेल्या जागी आपोआप गडद तपकिरी छटा येते आणि ती छटाच चित्रातली सावली ठरते. या छटेचा अंदाज पुस्तकातून येत नाही. दहा-बारा निरुपयोगी तुकडे भिजवून, वेगवेगळ्या वेळी दाबून पाहिले की येतो.

ठोकताना ओले कातडे पसरते आणि चेहरा रुंद होतो. म्हणून काम सुरू करण्याआधी मागच्या बाजूस जाड पुठ्ठा किंवा चिकटपट्टी लावून घ्यावी. काम अर्धवट राहिले तर कातडे प्लास्टिकमध्ये गुंडाळावे लागते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला दोन दिवसांत बुरशी धरू शकते. अमेरिकेतले कारागीर ते फ्रीजमध्ये ठेवतात. आमच्या घरच्या फ्रीजमध्ये त्याला जागा मिळणे शक्य नाही. तेव्हा पावसाळ्यात कागदावरचे काम करावे, हे बरे.

दुसरी पायरी सुरीची. या सुरीला स्विव्हल नाइफ म्हणतात. तिचे पाते दांड्यासह बोटांत गोल फिरते. तर्जनी वरच्या खोबणीत टेकते आणि दाब देते, अंगठा आणि मधली बोटे दांडा फिरवतात. पाते सरळ उभे धरायचे, डावी-उजवीकडे कलू द्यायचे नाही. काप कातड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापासून फार तर अर्ध्यापर्यंत. पाते धारदार असून भागत नाही, ते आरशासारखे घासलेले असावे लागते. नाहीतर ते कातड्यात अडखळते आणि रेघ थरथरते. चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची भुकटी लावून पाते वारंवार ओढत राहणे हा कामाचाच भाग आहे.

तिसरी पायरी ठोक्याची. खाली संगमरवराची किंवा ग्रॅनाइटची फरशी, हातात लाकडी किंवा नायलॉनची हातोडी, आणि बेव्हलर नावाचे उतरत्या तोंडाचे हत्यार. त्याची जाड कड कापलेल्या रेघेत टेकवून हलके ठोके मारत पुढे सरकायचे. दोन ठोक्यांच्या मध्ये हत्यार उचलायचे नाही, नुसते सरकवायचे. नवशिक्याच्या कामात प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो. चांगल्या कामात उतार सलग दिसतो. चेहऱ्यासाठी बारीक, टोकदार तोंडाचे बेव्हलर असतात. त्यांच्या जोडीला चमच्याच्या आकाराचे एक हत्यार लागते, त्याला मॉडेलिंग स्पून म्हणतात. ते ठोकायचे नसते, बोटांच्या दाबाने फिरवायचे असते. चेहऱ्याचे निम्म्याहून अधिक काम या चमच्याने होते.

दीड मिलिमीटरचे जग

आता मुख्य अडचण. कातड्याची जाडी साडेतीन मिलिमीटर, त्यात खाली जाण्याची सोय साधारण दीड मिलिमीटर. खऱ्या चेहऱ्यात नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर दहा-बारा सेंटिमीटर असते. ते सारे या दीड मिलिमीटरमध्ये बसवायचे. हे कसे जमते, ते जुन्या नाण्यावरचे राजाचे डोके निरखले तर कळते. तेथेही उंची अगदी थोडी असते, तरी डोके गोल भासते. अंतरे राखलेली नसतात, क्रम राखलेला असतो. समोरून पाहताना नाकाचा शेंडा सर्वांत वर, मग भुवईचे हाड आणि हनुवटी, मग गालाचे हाड, मग डोळ्याची खोबण, मग कानशील, शेवटी कान. हा क्रम कोठेही उलटला नाही, तर डोळा उरलेले स्वतः भरून घेतो. क्रम एका जागी जरी चुकला, उदाहरणार्थ डोळा गालाच्या हाडाहून वर राहिला, तर चेहरा बेडकासारखा दिसतो.

म्हणून सुरी हातात घेण्याआधी छायाचित्राच्या प्रतीवर एक ते सात असे आकडे लिहावे. सर्वांत वरच्या भागाला एक, सर्वांत खालच्याला सात. कोणत्या रेघेच्या कोणत्या बाजूला दाबायचे, तेथे छोटा बाण काढावा. हे तास-दोन तासांचे काम आहे आणि ते टाळणाऱ्याचे कातडे वाया जाते.

कामाच्या टेबलावर दिवा डावीकडे आणि वर ठेवावा, डावखुऱ्याने उजवीकडे. उजेड वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. दिवा खालच्या बाजूला नेला तर खड्डे उंचवटे वाटू लागतात आणि उंचवटे खड्डे. पूर्ण झालेले चित्र भिंतीवर टांगतानाही हे लक्षात ठेवावे.

आधी डोळा

झाडाची फांदी बोटभर इकडे-तिकडे झाली तर कोणी बोलत नाही. चेहऱ्यात ओठाचा कोपरा एक मिलिमीटर सरकला तरी, हे ते नाहीत, असे पाहणारा म्हणतो. चेहरे ओळखण्यासाठी मेंदूच्या तळाच्या बाजूला खास क्षेत्र आहे, याकडे १९९७ साली संशोधकांनी लक्ष वेधले. वैद्यकातही याचा रोज अनुभव येतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा झाली की नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी वळी त्या बाजूला पुसट होते आणि कपाळाच्या आठ्या मावळतात. बदल काही मिलिमीटरांचाच असतो, पण घरातले लहान मूलसुद्धा म्हणते, आजोबांचा चेहरा वेगळा दिसतोय.

इतकी तीक्ष्ण ओळख असूनही आपल्याला चेहरा काढता मात्र येत नाही, कारण आपण ओळखतो, पाहत नाही. डोळा काढा म्हटले की हात बदामाचा आकार काढून मध्ये गोल ठिपका देतो. ते डोळ्याचे चिन्ह झाले, समोरच्या माणसाचा डोळा नव्हे. आमच्या शास्त्राचे प्रवर्तक हानेमान यांनी वैद्याकडे पहिली अपेक्षा ठेवली, ती पूर्वग्रह बाजूला ठेवून पाहण्याची. रोगाचे नाव मनात ठरवून रोग्याकडे बघणारा वैद्य आणि डोळ्याचे चिन्ह मनात धरून छायाचित्राकडे बघणारा शिकाऊ, दोघांचे सारखेच होते. समोर जे आहे ते त्यांना दिसत नाही.

यावर चित्रकलेत एक जुना उपाय आहे आणि बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ सालच्या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. छायाचित्र उलटे ठेवून काढायचे. उलट्या चेहऱ्यात नाक-डोळे ओळखू येत नाहीत, म्हणून नुसते आकार आणि सावल्या दिसतात. कातडे घेण्याआधी असे वीस-पंचवीस चेहरे कागदावर काढावेत.

त्याबरोबर काही मापे पाठ असावीत. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवशिक्या ते नेहमी वर काढतो, कारण कपाळाच्या वरचे डोके त्याच्या हिशेबात नसते. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याइतके अंतर असते. कान भुवईच्या पातळीपासून नाकाच्या बुडापर्यंत येतो. ही सरासरी झाली. व्यक्ती ओळखू येते ती सरासरीपासून ती जेथे ढळते तेथे. म्हणून आधी सरासरी माहीत हवी.

डोळा, नाक, ओठ

डोळ्याचे बुबुळ चोवीस मिलिमीटर व्यासाच्या चेंडूवर बसलेले आहे, हे विसरू नये. पापण्या त्या चेंडूवर पांघरलेल्या असतात. वरच्या पापणीला जाडी असते आणि तिची सावली बुबुळावर पडते, म्हणून बुबुळाची वरची कड सहसा झाकलेली असते. ती पूर्ण गोल दाखवली की माणूस घाबरलेला दिसतो. पापणीची वरची रेघ कापावी, खालची कापू नये, नुसती चमच्याने दाबावी. दोन्ही डोळ्यांतला चमकेचा ठिपका एकाच बाजूला असावा आणि तेथे हत्यार लागू देऊ नये.

नाकाला बाजूच्या रेघा नसतात. नवशिक्या भुवईपासून नाकपुडीपर्यंत दोन रेघा कापतो आणि नाक चिकटवल्यासारखे दिसते. नाकात काप द्यायचा तो नाकपुडीच्या वळणापुरता. बाकी सारे चमच्याने हळूहळू उतरवायचे. ओठांत सर्वांत गडद असते ती दोन ओठांमधली रेघ. खालच्या ओठाला खालची रेघ नसते, त्याच्याखाली सावली असते. केस एकेक कापू नयेत. आधी केसांचा पुंजका एक वस्तू म्हणून उतरवावा, मग वरून मोजक्या रेघा द्याव्यात.

पहिल्या चित्रासाठी वयस्क माणसाचा, एका बाजूने उजेड पडलेला चेहरा निवडावा. सुरकुत्या हात धरून नेतात. लहान मुलाचा चेहरा सर्वांत अवघड, कारण तेथे सारे उतार इतके हलके असतात की एक जास्तीचा ठोका मुलाला म्हातारे करतो. चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत निदान दहा-बारा सेंटिमीटर ठेवावा.

एक परीक्षा सांगतो. लोकमान्य टिळकांचे चित्र पगडी आणि मिशांमुळे कोणीही ओळखतो. कातड्यावर पगडीच्या घड्या उठवणे चेहऱ्याच्या मानाने सोपे आहे आणि पाहणारे लगेच वाहवा करतात. तेव्हा पगडी हाताने झाकावी. उरलेल्या कपाळात आणि डोळ्यांत टिळक दिसतात का ते पाहावे. दिसत नसतील तर आपण पगडीचे चित्र केले आहे. व्यक्तिचित्रे लिहिणाऱ्यांनाही ही परीक्षा उपयोगी पडेल.

रंगाची घाई करू नये. असे कातडे उन्हाने आणि काळाने आपोआप मधाळ तपकिरी होत जाते. पहिली पाच-सहा चित्रे बिनरंगाचीच ठेवावीत. रंग सावलीतल्या चुका झाकतो आणि मग त्या चुका शिकाऊच्याही नजरेला पडत नाहीत.

हे काम सुरू करणाऱ्याने पहिला महिना फक्त सुरीला द्यावा : सरळ रेघा, वर्तुळे, एकमेकींना न छेदणाऱ्या वळणदार रेघा. दुसरा महिना बेव्हलरला. त्यानंतर नुसता डोळा, नुसते नाक, नुसते ओठ, प्रत्येकी दहादा. त्या सोबत शाडूच्या मातीत चेहऱ्याचे हाड-मांस बोटांनी करून पाहावे. मातीत दबलेले पुन्हा भरता येते, म्हणून क्रम शिकण्यासाठी माती स्वस्त आणि दयाळू आहे. पूर्ण चेहरा सहा महिन्यांच्या आत घेऊ नये.

कोणाचे कातडे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. अहिंसा मानणाऱ्याने हे का करावे?

गांधीजींपुढे हा प्रश्न होता. दक्षिण आफ्रिकेत ते स्वतः चपला शिवायला शिकले. जनरल स्मट्स यांना त्यांनी दिलेला जोड स्मट्स यांनी १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने परत पाठवला. पुढे भारतात त्यांनी मारलेल्या जनावराचे कातडे आणि आपोआप मेलेल्या जनावराचे कातडे यांत भेद केला आणि आश्रमात दुसऱ्याच प्रकारचा आग्रह धरला. वर्ध्याजवळ नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले, तेही याच विचाराने. मेलेल्या गुराचे कातडे वाया जाऊ नये, कमावण्याची पद्धत सुधारावी आणि ते काम करणाऱ्याला मान मिळावा, असा तो प्रयत्न होता.

मी स्वतःपुरता तोच नियम ठेवला आहे. जनावर नैसर्गिक मरणाने गेले, हे ओळखीच्या कारागिराकडून कळल्याखेरीज कातड्याला हात लावत नाही. असे कातडे क्वचित मिळते. त्यामुळे माझा बहुतेक सराव कागदावर आणि शाडूवर होतो. माझ्या समाजातल्या काहींना हेही पटणार नाही. त्यांच्या आचाराविषयी मला आदर आहे, वाद नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. कातड्यापासून दूर राहण्यात अहिंसा किती आणि शिवाशिव किती, हे आपण प्रामाणिकपणे मोजले नाही. ज्या पखवाजावर अभंग उभा राहतो, त्याची पुडी कातड्याचीच असते. पखवाज देवळात गेला, पुडी कमावणारा बाहेर राहिला. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांच्या शरणांमध्ये हरळय्या होते, ते चप्पल करणारे. नऊशे वर्षांनंतरही ढोर, चर्मकार, समगार समाजांच्या हातातल्या विद्येला आपण विद्या म्हणायला कचरतो. हिंसा टाळायची असेल तर जनावराविषयीचा नियम पाळावाच, आणि माणसाला कमी लेखणेही सोडावे. दुसऱ्या गोष्टीसाठी कोणतेच शास्त्र आडवे येत नाही.

येथे स्टोलमन यांच्याकडे परत यायचे आहे. अमेरिकेतल्या खोगिरवाल्यांची विद्या जगभर शिकता येते, कारण एका कारागिराने ती लिहून काढली आणि लोकांनी ती पुस्तके वाचण्याजोगी मानली. सालीच्या पाण्याचा रंग कोणता झाला की कातडे बाहेर काढायचे, कोणत्या ऋतूतले कातडे चिवट असते, पोटाकडचा भाग कशाला वापरायचा, हे अथणी-निपाणीच्या वयस्क कारागिरांना ठाऊक आहे. ते पुस्तकात फारसे नाही. रापी, आरी, वादी, आणि चपलेचे कान, अंगठा, वेणी एवढे शब्द मला माहीत आहेत. त्यांच्यापलीकडे किती असतील, मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून मराठीत किती गेले असतील, ते त्या घरांत जाऊन बसल्याशिवाय कळणार नाही.

हे काम साहित्यसंस्थेचे आहे, असे मला वाटते. सीमाभागातल्या भाषेविषयी आपण ठराव पुष्कळ केले. एका वर्षी दोन-तीन अभ्यासू मंडळींनी वही घेऊन या कारागिरांकडे जावे. त्यांचे शब्द, त्यांच्या क्रिया, त्यांची मापे त्यांच्याच तोंडून उतरून घ्यावीत आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने वर छापावे. जाताना मनातली चिन्हे मात्र घरी ठेवावीत. 'गरीब बिचारा कारागीर' हे चिन्ह आहे आणि 'थोर परंपरेचा वारस' हेही चिन्हच आहे. समोर बसलेला माणूस जेवढा दिसतो आणि जे बोलतो, तेवढेच लिहावे. मग पुढच्या एखाद्या वर्षी या व्याख्यानमालेत कातड्यावरचा लेख मी लिहिण्याची गरज उरणार नाही. तो त्यांच्यापैकीच कोणी लिहील.